जॅम-मार्मालेडची चव नीट घ्यायची तर: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चार-पाच जॅम समोर ठेवून चाखायला बसलेले बहुतेक लोक शेवटी एकच म्हणतात, "सगळे गोडच लागतात." ते सारखे नसतात. चाखायची पद्धत चुकलेली असते. बरणी फ्रिजमधून काढली, लगेच बटर लावलेल्या टोस्टवर फासली, मध्येच मार्मालेडचा चमचा तोंडात टाकला आणि मग परत स्ट्रॉबेरीकडे वळलो, असं केलं तर जिभेला साखर सोडून दुसरं काही कळणार कसं? साध्या जॅममध्ये वजनाच्या ६० ते ६५ टक्के विरघळलेले पदार्थ असतात आणि त्यातली बहुतेक साखरच असते. त्यामुळे फळ शोधायचं तर आधी त्या साखरेला बाजूला सारावं लागतं. ते तापमानाने, क्रमाने आणि नाकाने होतं. महागडी बरणी आणून होत नाही.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. मधली एखादी गाळलीत तर पुढची नीट होत नाही.

## १. कुठल्या बरण्या समोर ठेवायच्या

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, हाताला लागेल ते सगळं मांडलं जातं. स्ट्रॉबेरी जॅम, लेमन कर्ड, चिली जेली आणि संत्र्याचं मार्मालेड एका रांगेत ठेवून तुलना कशाशी करणार?

आधी प्रकार वेगळे करा. जेली म्हणजे गाळलेल्या रसाची, पारदर्शक. जॅम म्हणजे फळ ठेचून किंवा चिरून साखरेत शिजवलेलं. प्रिझर्व्हमध्ये फळाचे मोठे तुकडे किंवा अख्खी फळं दिसतात. कॉन्झर्व्हमध्ये कधी कधी दोन-तीन फळं, मनुका, सुकामेवाही असतो. मार्मालेड म्हणजे लिंबूवर्गीय फळ सालीसकट. कंपन्या ही नावं थोडी सैल वापरतात, म्हणून नावापेक्षा बरणीत काय दिसतंय त्यावर जा. लेमन कर्डमध्ये अंडं आणि बटर असतं, तो वेगळाच पदार्थ, या रांगेत त्याला घेऊ नका.

मग दोनपैकी एक पद्धत निवडा:

- एकच फळ, वेगवेगळे बनवणारे. उदाहरणार्थ चार रास्पबेरी जॅम. शिकायला ही पद्धत सगळ्यात चांगली, कारण फळ तेच असल्यामुळे फरक दिसतो तो शिजवण्याचा, साखरेचा आणि फळाच्या प्रमाणाचा.
- वेगवेगळी फळं, प्रकार एकच. म्हणजे जर्दाळू, प्लम, स्ट्रॉबेरी, ब्लॅककरंट, पण सगळे जॅमच. मजा जास्त येते, बारकावे कमी कळतात.

पहिल्यांदा करताय तर माझं मत सरळ आहे, पहिलीच पद्धत घ्या. आणि एका बैठकीत सहापेक्षा जास्त नमुने नकोत, त्यानंतर जीभ गोडाला इतकी सरावते की पुढचा प्रत्येक जॅम उगाच आंबट वाटायला लागतो.

तपासा: सगळ्या बरण्या एकाच प्रकारच्या आहेत ना? कमी साखरेचे आणि पूर्ण साखरेचे एकत्र मिसळले नाहीत ना? मिसळावेच लागले तर कमी साखरेचे आधी, कारण पूर्ण साखरेच्या जॅमनंतर ते पाणचट वाटतात आणि त्यांच्यावर अन्याय होतो.

## २. लेबल वाचा, पण चाखणाऱ्याला दाखवू नका

फळाचं प्रमाण किती ते बघा. युरोपातल्या नियमात बरीच वर्षं साध्या जॅमला किलोमागे किमान ३५० ग्रॅम फळ आणि 'एक्स्ट्रा जॅम'ला ४५० ग्रॅम असं होतं (काही फळांना सूट आहे), आणि २०२४ च्या दुरुस्तीने हे आकडे ४५० आणि ५०० झाले, ते जून २०२६ पासून लागू. मार्मालेडला मात्र २०० ग्रॅमच. म्हणून मार्मालेडवरचा फळाचा आकडा जॅमच्या शेजारी ठेवून "यात फळ कमी" असं म्हणू नका, सालीची चव इतकी जोरदार असते की तेवढ्यात भागतं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. लेबलवर लिहिलेलं असतं, १०० ग्रॅममागे ५० ग्रॅम फळ आणि एकूण साखर ६० ग्रॅम. लोक म्हणतात बेरीज ११० कशी? फळाचं वजन शिजवायच्या आधीचं असतं, शिजताना त्यातलं पाणी उडून जातं, शिवाय एकूण साखरेत फळाची स्वतःची साखरही मोजलेली असते. आकडा चुकीचा नाहीये.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. फळ पहिलं आहे की साखर, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. पेक्टिन (फळातलं, जॅम घट्ट करणारं द्रव्य) किंवा सायट्रिक अॅसिड दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, स्ट्रॉबेरीसारख्या फळात पेक्टिन मुळात कमीच असतं, ते घातल्याशिवाय जॅम धरायला फार वेळ शिजवावं लागतं आणि त्यात ताजा वास जातो. "साखर घातलेली नाही" असं लिहिलेल्या बरणीत बरेचदा द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा आटवलेला रस असतो, तीही साखरच.

सावधान:
- कॉन्झर्व्हमध्ये सुकामेवा असू शकतो, अॅलर्जी असणाऱ्यांना आधी विचारा.
- ग्रेपफ्रूटचा काही औषधांवर परिणाम होतो, आणि ज्या कडू संत्र्याचं मार्मालेड करतात त्यातही त्याच जातीची द्रव्यं असतात. रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारूनच चाखा.
- मध घातलेला जॅम एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचा नाही.
- मधुमेह असेल तर हिशोब आधी करा. अर्धा छोटा चमचा जॅम म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम, त्यात दोन ग्रॅमच्या आसपास साखर. सहा नमुने दोनदा चाखले की पंचवीस ग्रॅम होते.

## ३. तासभर आधीची तयारी

बरण्या फ्रिजमध्ये असतील तर किमान एक तास आधी बाहेर काढा, मोठी भरलेली बरणी असेल तर दीड तास. थंड जॅममध्ये वास बाहेर येत नाही, गोडी दबलेली वाटते आणि जेल, म्हणजे जॅमचा पेक्टिनने धरलेला भाग, जास्त घट्ट लागते, म्हणजे तिन्ही बाबतीत चुकीचा निकाल. २० ते २४ अंशाच्या आसपास उत्तम. फार उकाडा असेल तर उलटी अडचण येते, जेल सैल पडते, तेव्हा बरण्या सावलीत, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा.

सामान फार लागत नाही:

- प्रत्येक नमुन्याला एक पांढरी छोटी बशी किंवा वाटी, सगळ्या एकसारख्या
- प्रत्येक माणसाला प्रत्येक नमुन्यासाठी वेगळा चमचा, शिवाय बरणीतून काढायला एक वेगळा
- कोमट साधं पाणी, थंडगार नको, गार पाण्याने जीभ बधिर होते
- साधा ब्रेड किंवा बिनमिठाची क्रॅकर, मध्ये मध्ये तोंड साफ करायला
- कागद, पेन

आणि स्वतःची तयारी. चाखायच्या आधी तासभर कॉफी नको, तिखट नको, सिगरेट नको. दात घासून लगेच बसू नका, टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थ गोडी दाबतो आणि आंबट पदार्थात कडवटपणा आणतो, मार्मालेडचा तर पार बट्ट्याबोळ होतो. खोलीत अगरबत्ती, परफ्यूम, फोडणी असला कुठलाही वास नको. सर्दी झाली असेल तर सरळ पुढे ढकला.

सावधान: झाकण उघडल्यावर बुरशीचा छोटासा ठिपका जरी दिसला तरी ती बरणी टाकून द्या. वरचं खरवडून खालचं खाऊ नका. न उघडलेल्या बरणीचं झाकण फुगलं असेल, किंवा उघडल्यावर आत बुडबुडे आणि दारूसारखा वास असेल तर तीही गेली. चाखून खात्री करायची गरज नाही.

## ४. नावं लपवा

ज्याने बरण्या उघडल्या त्याने वाट्या भरायच्या आणि त्यावर आकडे टाकायचे. १, २, ३ किंवा अ, ब, क नको, माणूस नकळत १ नंबरला चांगला समजतो. चाचणीच्या लॅबमध्ये उगाच कुठलेही तीन अंकी आकडे देतात, ४१७, ८६२, २९५ असे, तेच करा. कुठला आकडा कुठल्या बरणीचा ते एका कागदावर लिहून घडी घालून ठेवा.

एक गोष्ट मी आवर्जून करायला सांगते, कुठलाही एक जॅम दोन वेगळ्या आकड्यांनी दोनदा ठेवा. शेवटी तुमच्या नोंदी पडताळा. त्याच जॅमला एकदा "अप्रतिम" आणि एकदा "बेचव" लिहिलं असेल तर त्या दिवशीच्या बाकी नोंदींवरही फार भरवसा ठेवू नका.

## ५. क्रम लावा (इथे घाई नको)

सगळा खेळ क्रमाचा आहे. सौम्य ते तीव्र, कडू सगळ्यात उशिरा. वेगवेगळी फळं असतील तर असा लावा:

1. सफरचंद, नाशपाती, क्विन्स (नाशपातीसारखं तुरट फळ) अशा फळांची जेली
2. पीच, जर्दाळू, प्लम
3. स्ट्रॉबेरी, मग रास्पबेरी, मग ब्लॅककरंट
4. मार्मालेड: आधी गोड संत्र्याचं पातळ सालीचं, मग कडू संत्र्याचं जाड सालीचं, मग गडद रंगाचं, शेवटी ग्रेपफ्रूट
5. आलं, मिरची, मसाला किंवा दारू घातलेलं काहीही

मार्मालेड मध्येच का घ्यायचं नाही? कडू चव तोंडात फार वेळ रेंगाळते, पाण्याने पटकन जात नाही, आणि तिच्यानंतर आलेला नाजूक पीच जॅम नुसता साखरेच्या पाकासारखा लागतो. आलं-मिरचीची चुरचुर तर त्याहून वाईट, म्हणून ती अगदी टोकाला.

एकाच फळाचे जॅम असतील तर साखर कमी ते जास्त असा क्रम. आणि चारपेक्षा जास्त लोक असतील तर निम्म्यांना त्याच गटात थोडा वेगळा क्रम द्या, पहिल्या नमुन्याला सगळ्यांकडूनच जास्त मार्क पडतात, ते त्याने थोडं निवळतं.

तपासा: पुढे जायच्या आधी रांगेकडे एकदा बघा. कडू किंवा तिखट काही सौम्य नमुन्याच्या आधी घुसलंय का?

## ६. आधी डोळ्याने, चमच्याने

अर्धा चमचा जॅम पांढऱ्या बशीवर ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग बघा.

रंग कसा आहे? ताज्या स्ट्रॉबेरी जॅमचा लाल रंग महिने गेले की तपकिरीकडे झुकतो, उजेडात आणि उष्णतेत ठेवला असेल तर लवकरच. तपकिरी जॅम खराब झालेला असतोच असं नाही, पण त्यात ताज्या फळाचा वास मिळेल ही अपेक्षा कमी करा.

बशी तिरकी करा. चांगला जॅम सावकाश सरकतो, गोळा हळूहळू पसरतो. जेलीची कड मात्र चमच्याने कापल्यावर धारदार राहायला हवी आणि बशी हलवली की ती थरथरायला हवी. जॅमभोवती पाण्याचं कडं जमलंय का? ते बरेचदा आम्लता जास्त झाल्यामुळे किंवा जेल तुटल्यामुळे होतं. चमचा दाबल्यावर रबरासारखा परत उसळतोय? पेक्टिन जास्त पडलंय. अशा जॅमचा वासही नाकापर्यंत कमी पोचतो, घट्ट जेल त्याला आत धरून ठेवते.

बोटांमध्ये थोडा चोळून बघा. कण लागले तर साखर परत स्फटिक झालीय.

## ७. वास दोनदा

वाटी नाकाशी नेऊन दोन छोटे हुंगे घ्या, एक लांब श्वास नको, त्याने नाक लगेच सरावतं. पहिला वास आला तो लगेच लिहा, फळ ताजं वाटतं का शिजलेलं, कॅरमेल, मध, फूल, गवत, काहीही.

मग चमच्याने जॅम थोडा ढवळा आणि परत हुंगा. वरचा थर मोडला की आतला वास सुटतो, बरेचदा दुसऱ्या वेळी भलताच वास येतो. उघड्या कढईत १०४-१०५ अंशापर्यंत शिजवलेल्या जॅममध्ये कॅरमेलचा हलका वास असणं चालतं, पण जळकट वास आला तर तळ लागलाय. कारखान्यात हवा काढलेल्या बंद भांड्यात कमी तापमानाला शिजवतात, तिथे रंग जास्त टवटवीत राहतो.

## ८. तोंडात: नाक बंद, नाक उघड

ही पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात आणि हीच खरी महत्त्वाची.

1. अर्धा छोटा चमचा घ्या, जास्त नको. दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरा.
2. जॅम तोंडात टाका, जिभेने टाळूवर पसरवा. आता फक्त गोड, आंबट, कडू एवढंच कळेल. रास्पबेरी असो नाहीतर प्लम, नाक बंद असताना ओळखणं जवळजवळ अशक्य.
3. चार-पाच सेकंदांत गोड आणि आंबट यांचा तोल ठरवा. तोंडाला पाणी सुटलं का? सुटलं तर आम्लता पुरेशी आहे.
4. आता नाक सोडा आणि नाकातून श्वास बाहेर टाका. फळ एकदम येतं. तोंडातून घशामागून नाकात जाणारा वास हीच फळाची ओळख, आणि किती जोरात येतोय त्यावरून जॅममध्ये फळ किती जिवंत राहिलंय ते कळतं.
5. गिळा आणि दहापर्यंत मोजा. काय उरलं? चांगल्या जॅममध्ये फळ उरतं, साध्यासुध्यात नुसती साखर, आणि बनावटी सुवास घातलेल्यात पहिल्या क्षणी भपकन वास येऊन मग एकदम रिकामं वाटतं.

मग पाणी, क्रॅकरचा तुकडा, परत पाणी, आणि एक मिनिट थांबा. मार्मालेडनंतर तीन मिनिटं तरी.

नेहमीची चूक: जिभेचं टोक गोडासाठी, मागचा भाग कडूसाठी, असं काही नसतं. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, त्यामुळे टोकाने चाटून ठरवू नका, पूर्ण तोंडात पसरवा.

सावधान: तोंडात घातलेला चमचा परत बरणीत जाता कामा नये. लाळ गेली की बरणी लवकर खराब होते, आणि कमी साखरेची असेल तर फारच लवकर.

## ९. मार्मालेडसाठी वेगळे नियम

मार्मालेड नुसतं गिळू नका, साल चावा. गर आणि जेल एकदा, साल एकदा, असं वेगवेगळं चाखा आणि मग एकत्र.

सालीत दोन गोष्टी असतात. रंगीत बाहेरच्या भागात सुगंधी तेल, आणि खालच्या पांढऱ्या भागात कडवटपणा. कडू संत्र्यात नारिंजिन नावाचं द्रव्य असतं, बराचसा कडवटपणा त्याचा. हा कडूपणा उशिरा येतो, स्वच्छ असतो आणि त्याच्यासोबत संत्र्याचा वास असतो. करपल्याचा कडूपणा लगेच येतो आणि घशात काजळीसारखा बसतो. दोन्हीत गल्लत होते आणि चांगल्या मार्मालेडला "जळलंय" म्हणून नापास केलं जातं. गडद रंगाच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यात काकवी किंवा ब्राऊन साखर घातलेली असू शकते. वास आठवा, जळकट वास नव्हता तर जळलेलं नाही.

साल दाताखाली कशी लागते ते लिहा. अलगद तुटायला हवी. चामड्यासारखी चिवट लागली तर साखर घालायच्या आधी ती पुरेशी उकडली नव्हती, साखर पडल्यावर साल मऊ होत नाही.

## १०. लिहा, मग बोला

गप्पा शेवटी. एक जण "किती आंबट!" म्हणाला की बाकीच्यांनाही तो आंबट लागतो. प्रत्येक नमुन्याला पाच ओळी पुरे: दिसणं, घट्टपणा, वास, गोड-आंबट-कडूचा तोल, मागे काय उरलं. "छान", "मस्त" असले शब्द नकोत, दोन आठवड्यांनी वाचून त्यातून काहीच कळत नाही. "नाक सोडल्यावर फळ जोरात, मागे बियांचा किंचित तुरटपणा" असं लिहिलं तर पुढच्या वेळी उपयोग होतो.

दोन नमुने फारच सारखे वाटत असतील तर तीन वाट्या घ्या, दोनमध्ये एक जॅम, तिसरीत दुसरा, आणि वेगळी वाटी कुठली ते ओळखायचं. तीन-चार वेळा जागा बदलून करा. ओळखता येत नसेल तर तुमच्यासाठी ते दोन्ही सारखेच, स्वस्त असेल तो घ्या.

## ११. आता ब्रेड, बटर, चीज

नावं उघडा आणि सगळ्यात आवडलेले दोन-तीन घेऊन खाण्याकडे वळा. टोस्ट जरा निवू द्या, गरम टोस्टवर जेल वितळून आत मुरते. बटर खारं असेल तर मार्मालेडचा कडवटपणा कमी लागतो, मीठ कडू चव दाबतं, म्हणून ज्यांना नुसतं मार्मालेड झेपत नाही त्यांनी ते खाऱ्या बटरवर एकदा खाऊन बघावं. आंबट जॅम साध्या दह्यात चांगले, सौम्य जेली जुन्या खारट चीजबरोबर. फार गोड, कमी आंबट जॅम कशाबरोबरच फारसा उठत नाही, तो केकच्या थरात वापरा.

इथे निकाल बदलू शकतो. नुसता चाखताना पहिला आलेला जॅम ब्रेडवर फिका पडतो आणि जरा आक्रमक वाटलेला ब्लॅककरंट तिथे बाजी मारतो. म्हणून दोन वेगळ्या नोंदी ठेवा, नुसता कसा आणि ब्रेडवर कसा.

## १२. उघडलेल्या बरण्यांचं काय

बरणीची कड पुसून, झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. किती दिवसांत संपवायचं ते लेबलवर असतं, तेच पाळा. कमी साखरेच्या आणि साखरेऐवजी दुसरा गोडवा घातलेल्या बरण्या आधी संपवा. वाट्यांत काढलेलं परत बरणीत ओतू नका, ते एका डब्यात एकत्र करून दोन दिवसांत खाऊन टाका किंवा दुधात, दह्यात ढवळा, मार्मालेड आणि आल्याचं मात्र त्यात मिसळू नका, नाहीतर सगळा डबा कडू होतो.